आकाशमार्गातील आमचे खरे पूर्वज

आकाशात प्रथम कोण गेले, हा प्रश्न मुलांस फार आवडतो, आणि तो आवडावा हे योग्यच आहे. रशियाचा युरी गागारिन १२ एप्रिल १९६१ रोजी पृथ्वीस प्रदक्षिणा घालून आला. त्यानंतर दहा महिन्यांनी, २० फेब्रुवारी १९६२ रोजी, अमेरिकेच्या जॉन ग्लेन याने तीन प्रदक्षिणा घातल्या. आपले राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी रशियन यानातून वर गेले, आणि शुभांशु शुक्ला हे २०२५ च्या जूनमध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाकडे निघून जुलैमध्ये सुखरूप परत आले. एवढे उत्तर मिळाले की मुलगा हटकून पुढचा प्रश्न टाकतो, "आणि आपल्यांपैकी, मराठी बोलणाऱ्यांपैकी, कोण?" या ठिकाणी वडील माणसे अडखळतात. त्या प्रसिद्ध यादीत मराठी नाव चटकन सापडत नाही. रिकामी जागा तर कोणासच सोसत नाही. मग तेथे एक आख्यायिका आणून बसविली जाते.

ती आख्यायिका आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेली असेल. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली गिरगावच्या चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे विमान पंधराशे फूट उंच उडविले, तेही राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, असे ती सांगते. तळपदे ही कल्पित व्यक्ती नव्हे. विमानाचा ध्यास घेतलेले ते मुंबईचे एक अभ्यासू गृहस्थ होते, व कोणाच्याही प्रामाणिक ध्यासाची थट्टा करणे आम्हांस रुचत नाही. परंतु ते विमान उडाले, यास त्या काळचा चोख पुरावा कोठे आहे? छायाचित्र नाही, आराखडा नाही, मोजमापांची वही नाही. उलट राइट बंधूंकडे पाहावे. १९०१ सालच्या शरद ऋतूत त्यांनी एक लाकडी वायुबोगदा तयार केला, त्यात पंखांचे सुमारे दोनशे लहान नमुने टांगून वाऱ्याचा जोर मोजला, आणि ती कोष्टके जपून ठेवली. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान प्रथम उडाले ते अवघे बारा सेकंद, आणि गेले किती? तर एकशेवीस फूट! आमच्या शाळेच्या पटांगणातही ते मावले असते. पण त्या एकशेवीस फुटांचे छायाचित्र आहे. पंधराशे फुटांचे नाही.

या आख्यायिकेस आधार म्हणून 'वैमानिकशास्त्र' नावाच्या एका संस्कृत ग्रंथाचेही नाव घेतले जाते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली त्या ग्रंथाची रीतसर परीक्षा केली. ग्रंथ १९०४ च्या पूर्वीचा असू शकत नाही, आणि त्यात वर्णिलेल्या विमानांपैकी एकही उडण्याजोगे नाही, असा निर्णय त्यांनी कारणांसह दिला. ही परीक्षा करणारे भारतीयच होते, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. कारण असा विषय निघाला की परकीयांच्या मत्सराची गोष्ट कोणी तरी काढतोच.

काही पालक म्हणतील की, यात बिघडले काय? मुलांस हुरूप येतो, स्वत्वाचा अभिमान वाटतो, मग कथा खरी की खोटी याची एवढी चिकित्सा कशास? आमचे उत्तर असे आहे की, यात दोन गोष्टी बिघडतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. विद्या पोथीत आयतीच होती, ती कोणी तरी चोरून नेली, असे मानणारा मुलगा स्वतः मोजमाप करावयास कधीच बसत नाही. आणि दुसरे, आम्हांस अधिक सलणारे असे की, जे खरोखर आकाशाच्या वाटेवर राबले, त्यांची नावे या कथेखाली दडपून जातात.

वर जॉन ग्लेनचे नाव आले आहे, त्याची एक हकीकत येथे सांगणे अवश्य वाटते. ओहायो प्रांतातील एका लहान गावात नळकाम करणाऱ्या गृहस्थाचा हा मुलगा. दोन युद्धांत त्याने विमाने चालविली, आणि पुढे अमेरिकेने अंतराळासाठी निवडलेल्या पहिल्या सात वीरांत त्याचा समावेश झाला. त्याच्या प्रदक्षिणेचा मार्ग नव्या गणकयंत्राने काढला होता. ग्लेन यास यंत्राचा पुरता भरवसा वाटेना. कॅथरीन जॉन्सन नावाची एक कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्री लँगली येथील संशोधनकेंद्रात काम करीत असे; तिने ते आकडे स्वतः तपासून बरोबर आहेत असे सांगितले, तरच मी निघतो, असा त्याने आग्रह धरला. तिने हाताने चालवावयाच्या हिशेबयंत्रावर दीड दिवस बसून ते सारे गणित पुन्हा केले. मग ग्लेन निघाला. प्रदक्षिणा चालू असता त्याच्या यानाची उष्णतारोधक ढाल सुटल्याची खूण जमिनीवरील यंत्रांत दिसू लागली, तेव्हाही ती सुटली असल्यास काय करावे याचा निर्णय जमिनीवरील माणसांनीच घेतला. पुढे तीच खूण खोटी ठरली, पण तो दिवस त्यांनी कसा काढला असेल, याची कल्पना करावी. ग्लेन पुढे चोवीस वर्षे सेनेटर होता, आणि १९९८ साली, सत्त्याहत्तराव्या वर्षी, पुन्हा एकदा अंतराळात जाऊन आला. तो थोर खराच. परंतु त्यास कॅथरीन जॉन्सनचा आकडा लागला, ही गोष्ट त्याने स्वतः कधी लपविली नाही. आकाशात एक जण जातो; त्यास पाठविणारे हजारो जण खालीच राहतात.

हे ध्यानात घेतले म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. पाठविणाऱ्यांत मराठी माणसे पहिल्या दिवसापासून होती.

त्या पहिल्या दिवसाचे स्थळही आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या शाळेस जिव्हाळ्याचे वाटावे असे आहे. केरळात तिरुवनंतपुरमजवळ थुंबा नावाचे मासेमाऱ्यांचे गाव आहे. पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी निकट असल्यामुळे, वातावरणाच्या वरच्या थरांचा शोध घेण्यास ते फार सोयीचे. डॉ. विक्रम साराभाई यांनी जागा धुंडाळण्यास ज्यांस पाठविले, त्यांत एकनाथ वसंत चिटणीस हे होते. कोल्हापुरात १९२५ साली जन्मलेले हे शास्त्रज्ञ शंभर वर्षांचे होऊन २०२५ साली निवर्तले. जागा मनास आली, पण तेथे कोळ्यांची घरे होती, आणि मध्यभागी मेरी मॅग्दलीन या संतस्त्रीच्या नावाचे चर्च होते. तेथील बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी आपल्या भाविकांची समजूत घातली, आणि चर्च, बिशपांचे घर व भोवतालची वस्ती ही सर्व विज्ञानकार्यास मोकळी करून दिली. चर्च ही कार्यशाळा झाली, बिशपांचे घर हे कचेरी झाले. अग्निबाणाचे भाग सायकलीवरून वाहून नेले जात, त्याचे छायाचित्र तर जगप्रसिद्धच आहे. २१ नोव्हेंबर १९६३ च्या सायंकाळी तेथून पहिला अग्निबाण उडाला. बाण अमेरिकेचा होता, आतील सोडियम वायूचे उपकरण फ्रान्सचे होते, आणि उलटी आकडेमोड करणारा आवाज पुण्यात जन्मलेल्या प्रमोद काळे या तरुण अभियंत्याचा होता. वय वर्षे बावीस! आमच्या शाळेतून बाहेर पडल्यावर पाचसहा वर्षांत मुले त्या वयाची होतात.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला, त्यांच्याकडे वळतो. वसंत रणछोड गोवारीकर यांचा जन्म २५ मार्च १९३३ रोजी पुण्यात झाला. रसायन-अभियांत्रिकीच्या उच्च अभ्यासासाठी ते इंग्लंडात बर्मिंगहॅम येथे गेले. तेथे त्यांनी प्राध्यापक गार्नर यांच्या हाताखाली, घन पदार्थ व वाहता द्रव यांमध्ये उष्णता आणि द्रव्य यांची देवघेव कशी होते याचा सिद्धांत मांडला, व तो त्या दोघांच्या नावाने ओळखला जातो. पुढे तेथील अणुसंशोधन व अग्निबाण-संशोधन या दोन्ही क्षेत्रांत त्यांनी काम केले. संसार थाटून तेथेच राहण्यास कोणतीही अडचण नव्हती. परंतु साराभाईंनी बोलाविले, आणि १९६७ साली हा शास्त्रज्ञ थुंबाच्या वाळूत येऊन दाखल झाला. त्यांच्याकडे काम आले ते अग्निबाणाच्या घन इंधनाचे.

घन इंधन म्हणजे काय, हे आमच्या विद्यार्थ्यांस थोडे सांगितले पाहिजे. अवकाशात प्राणवायू नाही. म्हणून जळणाबरोबर प्राणवायूचाही पुरवठा सोबत न्यावा लागतो. अमोनियम परक्लोरेट नावाचे मिठासारखे स्फटिक प्राणवायू पुरवितात, ॲल्युमिनियमची भुकटी उष्णता वाढविते, आणि रबराच्या जातीचा एक चिकट द्रव या दोहोंस बांधून धरतो. हे सर्व कालवून त्याचा दाट लगदा बाणाच्या नळकांड्यात ओततात, मध्ये साचा उभा करून पोकळी राखतात, आणि बेताच्या उष्णतेत तो कित्येक दिवस मुरू देतात. घरी चिक्की करणाऱ्या आईस यातील अर्धे वर्म ठाऊक असते. पाक कच्चा राहिला तर वडी बसत नाही, पुढे गेला तर तडकते. येथे मात्र तडकण्याचा अर्थ निराळा आहे. जळण आतील पोकळीच्या पृष्ठभागावर होत असते. इंधनात एखादा हवेचा बुडबुडा राहिला किंवा केसाएवढी भेग पडली, की जळणारा पृष्ठभाग एकाएकी वाढतो, आतील दाब वाढतो, आणि सारे नळकांडे फुटते. द्रव इंधनाची तोटी बंद करता येते. घन इंधन एकदा पेटले म्हणजे विझविता येत नाही. म्हणून सर्व काळजी पेटविण्यापूर्वीच घ्यावयाची असते, मिश्रण करतानाच.

हे काम दिमाखाचे नव्हे. त्याचे छायाचित्र कोणी वर्तमानपत्रात छापीत नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांचे वडील रसायनांच्या कारखान्यात पाळ्या करतात, त्या मुलांस आम्ही विचारू इच्छितो की, आपले वडील काय करतात, असे कोणी पुसले असता तुम्ही मान खाली का घालता? मोजून माप घालणे, तापमानावर नजर ठेवणे, घाई न करणे, आणि एका चुकीने किती जणांचे प्राण जातील हे मनात बाळगणे, हाच गुण गोवारीकरांच्या हाताखालील मंडळींस लागला होता. त्यांच्या व आपल्या वडिलांच्या कामांत प्रमाणाचा भेद असेल, जातीचा नाही.

इंधन स्वतःच करावे, बाहेरून विकत आणू नये, हा हट्ट थुंबास का धरला गेला, हे समजण्यास पालघरच्या माणसास दूर जावयास नको. तारापूरची अणुवीज आमच्याच तालुक्यात १९६९ साली सुरू झाली. पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने बांधून दिल्या, आणि त्यांस लागणारे समृद्ध युरेनियम अमेरिकेने पुरवावे, असा १९६३ चा करार होता. १९७४ साली पोखरणची अणुचाचणी झाली. पुढे अमेरिकेने आपला कायदा बदलला, इंधनाचा पुरवठा थांबला, आणि १९८२ साली फ्रान्सशी व्यवस्था करावी लागली. कोणाचा दोष किती, याची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. यंत्र घरात आणि त्याचे जळण परक्याच्या कोठारात, अशी स्थिती झाली म्हणजे काय होते, ते आमच्या तारापूरने पाहिले आहे. याच तारापूरच्या पुढील दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठून दुसरीकडे वसली, हेही आमच्या वर्गांतील काही मुलांस पुस्तकातून शिकावे लागत नाही. थुंबाच्या कोळ्यांप्रमाणे त्यांच्या आजोबांनीही विज्ञानास जागा दिली आहे. ज्यांनी जागा दिली, त्यांचाही त्या विज्ञानाच्या इतिहासात वाटा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

गोवारीकर व त्यांचे सहकारी यांनी ते इंधन येथेच तयार केले. १९७९ साली ते थुंबाच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक झाले. त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी भारताचा पहिला उपग्रहवाहक अग्निबाण श्रीहरिकोट्याहून सुटला, आणि काही मिनिटांतच बंगालच्या उपसागरात पडला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेत बिघाड झाला होता. दोष शोधला, दुरुस्त केला, आणि वर्ष पुरे होण्याच्या आत, १८ जुलै १९८० रोजी, बावीस मीटर उंचीच्या व सतरा टनांच्या त्या बाणाने पस्तीस किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते, व त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. ते योग्यच झाले. त्या बाणाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते, ही गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही.

१९८५ पर्यंत ते पद सांभाळून, १९८६ साली गोवारीकर दिल्लीस विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव झाले. तेथे त्यांचे लक्ष आकाशातून जमिनीकडे, खरे म्हणजे पावसाकडे, वळले. हवामानखात्यातील शास्त्रज्ञांसह त्यांनी मोसमी पावसाच्या भाकिताची सोळा घटकांची पद्धती तयार केली, व १९८८ पासून ती वापरात आली. हिवाळ्यातील बर्फ, पॅसिफिक महासागराचे तापमान, वरच्या थरांतील वारे अशा सोळा गोष्टी तपासून पुढील पावसाळा कसा जाईल ते सांगावयाचे. वाड्याच्या भातशेतकऱ्यास पावसाचे मोल आम्ही सांगावयास नको. अनेक वर्षे ही पद्धती उपयोगी पडली. २००२ साली मात्र ती चुकली. पाऊस सरासरीहून एकोणीस टक्के कमी झाला, आणि भाकीत तर सर्वसाधारण पावसाचे होते. दुसऱ्याच वर्षी हवामानखात्याने ती पद्धती बदलली. आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो. चमत्काराच्या कथेत चूक कधी होतच नाही. पंधराशे फूट उडालेले विमान सदैव पंधराशे फूटच उडालेले राहते. विज्ञानात माणूस आकडा मांडतो, पाऊस येऊन तो खोडतो, आणि मग नवा आकडा मांडावा लागतो. यात गोवारीकरांस कमीपणा आला, असे ज्यास वाटते त्यास विज्ञान समजलेच नाही.

पुढे ते पंतप्रधानांचे विज्ञानविषयक सल्लागार झाले, १९९५ ते १९९८ या काळात पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. २००८ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला.

आणि यानंतरची गोष्ट आम्हांस आजही खटकते. दुसऱ्याच दिवशी मुंबई विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन सुरू झाले. ४ जानेवारी रोजी तेथे प्राचीन भारतीय विमानविद्येवर एक निबंध वाचला गेला, आणि त्यात त्याच 'वैमानिकशास्त्राचा' आधार घेतला होता. पुढे कित्येक दिवस ज्याच्या त्याच्या तोंडी त्या विमानांचीच चर्चा. कोणी टाळ्या पिटल्या, कोणी टवाळी केली. परंतु बोलणे सर्वांचे त्याच विषयावर. महाराष्ट्राच्या राजधानीत विज्ञानाचा मेळा भरला होता, ज्याने आपल्या हातांनी अग्निबाणाचे इंधन सिद्ध केले तो महाराष्ट्रीय दोन दिवसांपूर्वीच गेला होता, आणि लोक कधीच न उडालेल्या विमानांवरून भांडत होते! खऱ्या पूर्वजाचे सुतक कोणी पाळले नाही, कल्पित पूर्वजाची मात्र मिरवणूक निघाली. हा दोष एका निबंधाचा किंवा एका सभेचा नव्हे. घरोघरी मुलांच्या प्रश्नास आपण जे सोपे उत्तर देत आलो, त्याचे ते फळ होते.

दरवर्षी २८ फेब्रुवारीस आपण राष्ट्रीय विज्ञानदिन पाळतो. रामन यांनी आपला शोध १९२८ साली ज्या दिवशी जाहीर केला, तो हा दिवस. तो देशभर पाळण्याची प्रथा १९८७ साली सुरू झाली, त्या वेळी त्या खात्याचे सचिव गोवारीकरच होते. त्या दिवशी शाळाशाळांतून जी प्रदर्शने भरतात, त्यांत 'जगातील पहिले विमान' म्हणून मरुत्सखाचे पुठ्ठ्याचे चित्र आजही मांडलेले आढळते. आमची सूचना अशी आहे की, येत्या प्रदर्शनात ते चित्र मांडावयाचे असल्यास त्याच्या शेजारी राइट बंधूंच्या त्या बारा सेकंदांचे छायाचित्रही मांडावे, आणि मधल्या जागेत 'पुरावा कोणता?' एवढेच लिहावे. दुसऱ्या मेजावर अग्निबाणाच्या नळकांड्याचा एक छेद दाखवावा. मातीचा केला तरी चालेल, फक्त आतील पोकळी मापाने काढावी. ते काम आठवीच्या मुलांस सहज जमण्याजोगे आहे, आणि वसाहतीत काम करणारा एखादा पालक त्या दिवशी रजा काढून आला, तर मिश्रण करताना बुडबुडा का राहू द्यावयाचा नसतो, हे तो आम्हां शिक्षकांहून अधिक चांगले समजावून सांगेल.